कोणाची पेन्शन? मुंबईच्या इतिहासाच्या पाट्या लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईचा इतिहास पाट्यांवर, शाळेच्या पुस्तकांत आणि रविवारच्या हेरिटेज वॉकमध्ये सांगणारे सर्वजण

विषय: सतराव्या शतकातल्या मुंबई बेटाच्या कारभाराची चार ओळींत उरकलेली गोष्ट

सप्रेम नमस्कार,

माहीमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, उसाच्या रसाच्या गाडीमागे, गेल्या वर्षी एक पाटी लागली. निळा रंग, तीन फूट बाय दोन, वर गेटवे ऑफ इंडियाचं चित्र. (मजकूर सतराव्या शतकाचा आणि चित्र १९२४ साली पुरं झालेल्या कमानीचं, पण ते एक वेळ सोडून देऊ.) बसची वाट बघताना मी ती इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली. लिहिलंय असं:

"माहीमसह मुंबईची सात बेटे पोर्तुगालच्या राजाने १६६१ साली आपल्या मुलीच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. १६६८ साली राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने या निर्जन व रोगट बेटांवर आधुनिक शहर वसवले."

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. इतिहासकार नाही, नोकरी हिशेबखात्यात झाली. घराणं भंडाऱ्यांचं, आणि आजोबांच्या वेळेपर्यंत घरामागे ताडीचे माड होते. म्हणजे त्या 'निर्जन' बेटावरच्या माणसांपैकीच आम्ही.

तरीही मी पत्र लिहायला बसलो नसतो. बसलो त्याला कारण झाली सोसायटीची एक मीटिंग. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. चौकात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बिल्डरचा वकील फाईल वाचत होता. मालमत्ता पत्रकावर जमिनीचा प्रकार म्हणून एक रकाना असतो, तिथे लिहिलेलं त्याने मोठ्याने वाचलं: "पेन्शन अँड टॅक्स". तळमजल्यावरचे एक काका ताडकन उठले. "ही पेन्शन कोणाला मिळते? इतकी वर्षं कोण उचलतंय?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं हिशेब ठेवणारा मीच. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, जुनं काहीतरी असेल, आपल्याला त्याचं काही करायचं नाही. पुढचा अर्धा तास मी चोर ठरलो.

मग मी वाचनालय गाठलं. तिथे कळलं की ही पेन्शन कोणा रिटायर माणसाची नाही. पोर्तुगीज भाषेत जमिनीवरच्या ठरलेल्या देण्याला 'पेन्साव' म्हणत, आणि आमच्या पत्रकावरचा हा शब्द १६७२ सालच्या एका करारातून इथवर चालत आला आहे. करार झाला होता बेटावरचे जमीनदार आणि कंपनी यांच्यात. ('टॅक्स' अठराव्या शतकात जोडला.) म्हणजे पाटीच्या हिशेबाने जे बेट निर्जन होतं, तिथल्या माणसांशी कंपनी करार करत होती, आणि त्याचा पुरावा आमच्या सोसायटीच्या कपाटात पडून होता.

ज्यांनी पाटी लावली त्यांच्या कार्यालयात मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी एका तरुण बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "काका, पाटीवर जागा किती असते? आणि लोकांना आंदणाची गोष्ट आवडते." कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही, कारण चूक त्यांच्या एकट्यांची नाही. हीच गोष्ट मी शाळेत शिकलो, माझी मुलगी शिकली, आणि मागच्या रविवारी कॅमेरे गळ्यात अडकवलेल्या तीस जणांच्या घोळक्यालाही गाईड हीच सांगत होता. म्हणून पत्र आपल्या सगळ्यांना, आणि उघड.

पहिली तक्रार 'आंदण' या शब्दाची.

कॅथरीन ऑफ ब्रॅगांझाचं लग्न दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं, तो तह जून १६६१ चा. आधी एक किरकोळ दुरुस्ती. पोर्तुगालच्या तेव्हाच्या राजाची ती मुलगी नव्हे, बहीण. बाप १६५६ सालीच वारला होता, भाऊ गादीवर होता आणि कारभार आई बघत होती. या तहात हुंड्याची रक्कम वेगळी ठरली आहे: वीस लाख क्रुझादो रोख. मुंबईचं कलम वेगळं, अकरावं, आणि तिथे बेट देण्याचं कारणही दिलंय. डच लोक पूर्वेकडची पोर्तुगीज ठाणी एकेक करून गिळत होते. इंग्रजांना इथे बंदर मिळालं तर त्यांचा व्यापार वाढेल आणि डचांविरुद्ध पोर्तुगीजांच्या मदतीला ते जवळ असतील, असा सरळ व्यवहार होता. मांडवात मांडलेल्या भांड्याकुंड्यांच्या रांगेत बेट ठेवलं की हा व्यवहार दिसेनासा होतो.

आणि 'माहीमसह'? ही पाटी माहीममध्येच लागावी याचं मला नवल वाटतं. सप्टेंबर १६६२ मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोचं इंग्रज आरमार मुंबईसमोर उभं राहिलं, सोबत बेटाचा गव्हर्नर म्हणून नेमलेला सर अब्राहम शिपमन आणि चारएकशे शिपाई. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याने बेट द्यायला नकार दिला. कागद नीट नाहीत म्हणाला. शिवाय दोन्ही पक्षांचं भांडण असं की 'मुंबई' म्हणजे नेमकं किती? इंग्रज म्हणत साष्टी, ठाणे सगळं. पोर्तुगीज म्हणत मुंबईचं एकच बेट, माहीम त्यात नाही. या घोळात शिपमनने आपले शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरवले. तिथल्या पावसाने आणि तापाने त्यांतले बहुतेक मेले. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही गेला. शेवटी त्याचा सेक्रेटरी हंफ्री कुक शंभराच्या आसपास उरलेली माणसं घेऊन १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईत आला. डोना इग्नेस द मिरांडा या विधवेच्या वाड्यात कागद झाले. कुकने बेटावर चालून, हातात माती आणि दगड घेऊन ताबा घेतला. त्या आधीच्या महिन्यात व्हाइसरॉयने आपल्या राजाला कळवलं होतं की इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातचा गेला असं समजा. आंदण देणाऱ्याची ही भाषा असते का, हे आपणच सांगा.

माहीम मात्र कुकला तेव्हाही मिळालं नव्हतं. ते त्याने त्यानंतर घेतलं. त्याचं म्हणणं, ओहोटीला मुंबईतून माहीमला पायी जाता येतं, तेव्हा हे एकच बेट. आज आम्ही ज्याला माहीम म्हणतो ते ओहोटीच्या युक्तिवादावर बळकावलेलं आहे, आणि आपली पाटी त्याला लग्नातली भेट म्हणते.

त्याच वेळी कुक आणि व्हाइसरॉय यांच्यात जो करारनामा झाला, त्यात एक अट होती: पोर्तुगीज हद्दीतल्या गावांच्या कुणबी, भंडारी लोकांना इंग्रजांनी मुंबईत थारा देऊ नये. चार्ल्सने पुढे तो करारनामा धुडकावला, ते निराळं. पण ही अट मी वाचनालयात वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. गुरं दुसऱ्याच्या शेतात जाऊ नयेत म्हणून कुंपण घालतात, तसं ते कलम आहे. माडावर चढणारा आणि भात लावणारा माणूस पळाला तर जमीन बिनकामाची, हे पोर्तुगीजांना नीट ठाऊक होतं. निर्जन बेटाला असली कलमं लागत नाहीत. इंग्रज आले तेव्हा या बेटांवर दहाएक हजार माणसं होती असं साधारण मानतात.

दुसरी तक्रार १० पौंडांची, आणि ती थोडक्यात. आकडा खरा आहे: २७ मार्च १६६८ ची सनद, दरवर्षी ३० सप्टेंबरला १० पौंड सोन्यात भरायचे. पण ही गोष्ट सांगताना ऐकणारे हसतात, जणू राजा खुळा होता. राजाला हे बेट परवडत नव्हतं. उत्पन्नापेक्षा शिपायांवरचा खर्च जास्त, गव्हर्नर एकामागून एक मरत होते किंवा पैसे खात होते, आणि लंडनहून जहाज यायला सहा-आठ महिने लागायचे. डोईजड झालेलं बेट त्याने व्यापाऱ्यांच्या गळ्यात घातलं. व्यापाऱ्यांनाही ते लवकरच जड झालं, पण त्यावर पुढे येतो.

तिसरी तक्रार माझ्या जिव्हाळ्याची आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

ऑंजियरबद्दल माझ्या मनात आकस नाही. १६६९ ते १६७७ या काळात या बेटाला त्याच्यासारखा कारभारी मिळाला हे नशीबच. फेब्रुवारी १६७३ मध्ये डच आरमार समोर येऊन ठाकलं तेव्हा तो डगमगला नाही. पण 'त्याने शहर वसवलं' या तीन शब्दांत त्याने काय केलं तेही कळत नाही, आणि कोणाशी बोलून केलं तेही नाही.

झालं होतं असं. कुक आणि त्याच्यानंतरच्यांनी बेटावरच्या जमिनी धडाधड सरकारजमा केल्या होत्या. जमीन कोणाची हेच ठरत नव्हतं. माडाच्या वाड्या, भाताची खाचरं, मिठागरं, सगळ्यावर कंपनीचा दावा, आणि मालक अर्जावर अर्ज करत होते. असं बेट चालवायचं कसं? ऑंजियरने १६७२ मध्ये जमीनदारांशी बसून तोडगा काढला. त्यांनी सगळ्यांनी मिळून कंपनीला वर्षाला २०,००० झेराफिन द्यायचे, जुना जमीनधारा धरून. (झेराफिन म्हणजे गोव्याकडचं पोर्तुगीज नाणं, आपल्या 'अशरफी'चंच भावंड.) बदल्यात कंपनीने जमिनींवरचे दावे सोडायचे आणि ज्याची जमीन त्याच्याकडे कायम करायची. १६७४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. त्या कागदात बेटावरच्या रयतेसाठी एक पोर्तुगीज शब्द येतो: 'पोवो', म्हणजे लोक. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला पोवो.

हा करार समान ताकदीच्या दोघांत झाला असं मी म्हणत नाही. तोफा एकाच बाजूला होत्या. आणि सही करणारे जमीनदार होते, त्यांच्या वाडीत माडावर चढणारा माझा खापरपणजोबा नव्हता. तरी तोफा असलेल्या बाजूला कागदावर दुसरी बाजू लिहावी लागली. ती का लिहावी लागली, हे पाटीवर यायला हवं होतं. माणसं पळून गेली तर बेटाचं उत्पन्न शून्य, हे ऑंजियरला कुकपेक्षा चांगलं कळत होतं. ठाणे आणि करंजा इथल्या पोर्तुगीज नाक्यांवर मुंबईला येणाऱ्या मालावर जकात बसत होती. तेव्हा माणसांना आणि व्यापाऱ्यांना इथे ओढायचं तर त्यांच्या अटी ऐकाव्या लागत. दीवचा व्यापारी निमा पारख याने १६७७ मध्ये मुंबईत येण्याआधी आपल्या अटी लेखी मागितल्या: धर्मात ढवळाढवळ नको, आवारात कोणी जनावर मारायचं नाही, मयताला अग्नी देण्याची मोकळीक हवी. त्या मान्य झाल्या. ऑंजियरच्या शेवटच्या वर्षांत बेटाची वस्ती ६०,००० सांगतात. ती अशी अटी घालून आलेल्या माणसांची होती.

कराराच्याच वर्षीचं, म्हणजे १६७२ चं, एक दृश्य आहे. ते माझ्या हाती असतं तर मी पाटीवर गेटवेच्या जागी काढलं असतं. १ ऑगस्ट १६७२ पासून बेटावर पोर्तुगीज कायदा जाऊन इंग्रजी कायदा आला आणि ८ ऑगस्टला न्यायालय उघडलं. न्यायाधीश जॉर्ज विलकॉक्स. त्या दिवशी मिरवणूक निघाली, तिचा क्रम लिहून ठेवलेला आहे. सगळ्यांत पुढे हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी, दोन-दोनच्या रांगेत. मागे वीस हिंदू, वीस मुसलमान, वीस ख्रिस्ती, तेही दोन-दोन. मग गव्हर्नरचा घोडा, कर्णे, नगारे आणि घोड्यावर बसलेले दोन सेक्रेटरी, एक इंग्रजी, एक पोर्तुगीज. राजाची सनद आणि कंपनीचा हुकूम रेशमी रुमालांत बांधून घेतलेले. ऑगस्टचा महिना, रस्ते चिखलाचे असणार. पन्नास जोडी पाय त्या चिखलातून सगळ्यांत आधी गेले असतील. कोणाच्या डोक्यातून ही हिरवी वर्दी निघाली आणि तिचे पैसे कोणी भरले, हे जाणून घ्यायला मला फार आवडेल. हिशेबखात्याची सवय.

आणखी एक नाव आपल्या गोष्टीत कधी येत नाही: नारायण शेणवी. रायगडावर जून १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा मुंबईहून हेन्री ऑक्सिंडेन वकील म्हणून गेला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दोन्हीकडचं बोलणं एकमेकांना कळवणारा दुभाष्या हा शेणवी होता. राजापूरच्या लुटीची भरपाई, व्यापाराची सवलत, सगळं त्याच्या जिभेवरून गेलं. बेटाचा कारभार अशा माणसांवर चालतो आणि पाटी गव्हर्नरची लागते.

चौथी तक्रार अशी की आपल्या गोष्टीत ऑंजियर शहर वसवतो आणि मग थेट आगगाडी येते. मधल्या वर्षांत हे बेट दोनदा हातचं जाता जाता राहिलं, त्याचा पत्ता नाही.

लंडनच्या संचालकांना मुंबई म्हणजे वहीतला तोट्याचा रकाना होता. इथून गेलेल्या पत्राला उत्तर येईपर्यंत दीड-दोन पावसाळे जात. आणि मुंबईत आलेल्या गोऱ्याचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हणच पडली होती. म्हणजे उत्तर यायच्या आत विचारणारा मेलेला. (हवा खराब होण्याचं खापर इंग्रज आमच्या माडांना घातलेल्या मासळीच्या खतावरही फोडत. त्या खताचा वास मलाही लहानपणचा आठवतो. मी अजून जिवंत आहे.) एवढ्या लांबून संचालकांनी काटकसर सुरू केली, ती शिपायांच्या पगारापासून. १६७४ मध्ये पगार आणि महागाईवरून शिपाई बिथरले. तेव्हा ऑंजियरने समजूत घातली, पण एका कॉर्पोरलला गोळ्याही घातल्या. पुढे संचालकांनी आणखी कात्री लावली. २७ डिसेंबर १६८३ रोजी फौजेचा प्रमुख कॅप्टन रिचर्ड केग्विन याने डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला कैद केलं आणि बेट कंपनीचं नाही, राजाचं, असं जाहीर केलं.

जवळजवळ वर्षभर मुंबई कंपनीच्या हातात नव्हती. हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी शाळेत वाचलं आहे? आणि हे वर्ष काही लुटालुटीचं नव्हतं. आधी सिद्दीचं आरमार पावसाळ्यात माझगावला नांगर टाकून बसायचं आणि इथून समोरच्या मराठी मुलखावर छापे घालायचं. कंपनीला ना त्याला हाकलता येत होतं, ना मराठ्यांना तोंड दाखवता येत होतं. केग्विनने सिद्दीला बंदरात थारा देणं बंद केलं आणि संभाजी महाराजांशी वेगळा तह केला. हाच केग्विन १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत मराठ्यांशी लढला होता. ज्यांच्याशी लढला त्यांच्याशी बोलणी केली पाहिजेत हे त्याला इथे बसून दिसत होतं, लंडनला दिसत नव्हतं. नोव्हेंबर १६८४ मध्ये सर थॉमस ग्रॅंथम आला, माफीचं वचन दिलं आणि केग्विनने बेट परत केलं.

या माणसाची आधीची नोकरी ऐका. मे १६७३ मध्ये इंग्रजांनी दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना बेट डचांकडून परत घेतलं, तेव्हा कड्यावरून वर चढलेल्या तुकडीचा म्होरक्या केग्विन होता, आणि पुढे काही काळ त्या बेटाचा कारभारही त्याच्याकडे होता. तिथे एका कड्याला अजून 'होल्ड फास्ट टॉम' म्हणतात. दोर घेऊन पहिल्यांदा वर चढलेल्या टॉम नावाच्या शिपायाला खालचे ओरडून सांगत होते, घट्ट धर! कंपनीची ही दोन्ही बेटं, दोन्हीकडे तेच संचालक, तीच काटकसर. १६८४ मध्ये सेंट हेलेनावरही रहिवासी आणि शिपाई गव्हर्नरवर चालून गेले. तिथे मात्र माफी मिळाली नाही. किल्ल्यातून गोळ्या सुटल्या, मागाहून फाशी झाली, आणि मेलेल्यांच्या घरच्या बायकांना न्याय मागायला थेट लंडनच्या संसदेकडे अर्ज करावा लागला. मुंबईत माफी आणि तिथे फास, हा फरक का पडला? मला वाटतं, मुंबईसमोर मराठे आणि मुघल होते, सेंट हेलेनासमोर नुसता समुद्र. केग्विनला चिडवलं तर बेट कोणाच्या हाती जाईल हे कंपनीला ठाऊक होतं. तो पुढे १६९० मध्ये वेस्ट इंडीजच्या एका बेटावर लढताना मेला. त्याच्या नावाची पाटी निदान माझ्या गल्लीत तरी नाही.

१६८९ चं एका परिच्छेदात सांगतो. कंपनीचा इथला प्रमुख सर जॉन चाइल्ड याने मुघलांशी भांडण उकरून काढलं आणि फेब्रुवारीत मुघलांच्या बाजूचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला. माझगाव गेलं, माहीम गेलं, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. कंपनीच्या वकिलांना हात बांधून औरंगजेबासमोर उभं राहावं लागलं. दीड लाख रुपये दंड आणि चाइल्डची हकालपट्टी, या अटींवर सुटका झाली, पण त्याआधीच चाइल्ड मेला होता. जून १६९० मध्ये सिद्दी गेला तेव्हा माझगावचा किल्ला जाळून गेला. किल्ल्याबाहेरच्या माणसांचं त्या दीड वर्षात काय झालं असेल याचा विचार करा. किल्ल्याच्या आत माहीम नव्हतं.

आता मागण्या. त्या साध्या आहेत.

१. 'निर्जन' हा शब्द पुसावा. आजच पुसता येईल, एक बोळा आणि थोडं टर्पेंटाइन पुरे.

२. 'माहीमसह' काढावं. 'आंदण' लिहायचंच असेल तर पुढे लिहावं की बेट डचांविरुद्धच्या मदतीच्या बोलीवर दिलं, आणि ताबा मिळायला आणखी साडेतीन वर्षं आणि शेकडो शिपायांचे जीव गेले.

३. १६७२ च्या कराराचा मराठी अनुवाद, सोप्या भाषेत, शाळेच्या पुस्तकात अर्धं पान तरी द्यावा. अनुवाद करायला माणसं आहेत. मी स्वतः दोन निवृत्त शिक्षकांशी बोललो, दोघे फुकट करायला तयार आहेत.

४. हेरिटेज वॉक करणाऱ्यांनी १६८३-८४ चं केग्विनचं वर्ष सांगावं. किस्सा म्हणूनही तो आंदणापेक्षा रंगतो, हवं तर करून बघा.

५. मालमत्ता पत्रकावर 'पेन्शन', 'फोरास', 'टोका' असे जे शब्द येतात त्यांचा अर्थ सांगणारं एक पानी मराठी माहितीपत्रक काढावं. वेश्यावस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या फोरास रोडचं नाव ऐकून अजून लोक तोंड लपवून हसतात. 'फोरो' म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळचं जमिनीचं भाडं, त्यावरून ते आलं असं मानतात. बाकी ज्या सोसायट्यांचे सेक्रेटरी माझ्यासारखे चोर ठरायचे असतील, त्यांची तरी सोय होईल.

पाटीवर जागा नाही म्हणालात म्हणून आमच्या गल्लीतल्या पाटीपुरता मजकूर मी लिहून ठेवला आहे. नऊ ओळी होतात. रंगाऱ्याला दाखवला, तीन बाय दोनमध्ये बसतो म्हणाला, गेटवेचं चित्र काढलं तर. त्याचे पैसे सोसायटी देईल, ठराव झाला आहे. सूचक म्हणून नाव त्याच तळमजल्यावरच्या काकांचं आहे. रसवाल्यानेही कामाच्या दिवशी गाडी दोन फूट पुढे घ्यायचं कबूल केलंय. फक्त दुपारी बारा ते चार नको म्हणाला, ती त्याच्या गिऱ्हाइकाची वेळ.

आपला,
माहीमचा एक रहिवासी